सीमाभागात कंपनी स्थापताना : आधी नोंदणीकृत कार्यालय, मग कागदपत्रे

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकाम कारखाने व यंत्रशाळा, निपाणीतील तंबाखूच्या वखारी, खानापूर आणि चंदगड पट्ट्यातील काजूप्रक्रिया यांपैकी अनेक व्यवसाय एका व्यक्तीच्या नावावर किंवा भावाभावांच्या भागीदारीत उभे राहिले. अशा व्यवसायात परस्परांवरील विश्वास हेच मोठे भांडवल असते. मात्र १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या संपूर्ण देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार ठरतो. एखाद्या मोठ्या ग्राहकाने पैसे बुडवले, तर धनकोंचा हात भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरती राहते. व्यवसाय वाढला की कंपनी स्थापण्याचा विचार पुढे येतो, तो यामुळेच.

या भूमीला ही वाट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाला. १९१० मध्ये हा उद्योग औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस हलला आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. तेव्हा ज्या वाटचालीस तीन दशके लागली, तिचे कागदोपत्री काम आज काही दिवसांत होते. सीमाभागात मात्र या कामाचा पहिला प्रश्न अर्जाचा नसून पत्त्याचा आहे.

कोणत्या राज्यात?

निपाणी कर्नाटकात, तर तेथून जवळच असलेली कागलची औद्योगिक वसाहत महाराष्ट्रात. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यामुळे कारखाना एका राज्यात, संचालकाचे घर दुसऱ्या राज्यात आणि बाजारपेठ तिसऱ्या राज्यात, अशी स्थिती येथे सहज आढळते. कायद्याला हे मान्य आहे. उगार शुगर वर्क्स या १९३९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा साखर कारखाना बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे आहे, तर नोंदणीकृत कार्यालय सांगलीत.

तथापि, नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात असेल त्यावर बरेच काही ठरते. मुद्रांक शुल्क त्या राज्याचे लागते. पुढील कामकाजासाठी कंपनी निबंधकही तेथीलच राहतो : बेळगाव व निपाणीसाठी बंगळूर, कोल्हापूर जिल्ह्यासाठी पुणे, गोव्यासाठी पणजी. कर्नाटक व महाराष्ट्रात व्यवसाय कर आहे, गोव्यात नाही. याउलट जीएसटीची नोंदणी प्रत्येक राज्यात स्वतंत्र घ्यावी लागते. एकाच कंपनीचा क्रमांक महाराष्ट्रात २७ ने, कर्नाटकात २९ ने आणि गोव्यात ३० ने सुरू होतो. म्हणजेच गोव्यातील कंपनीला बेळगावात कारखाना काढण्यासाठी दुसरी कंपनी स्थापण्याची गरज नसते. जीएसटीबरोबर तेथील स्थानिक परवाने घेतले की पुरते.

हा निर्णय नंतर बदलता येतो, पण सहजासहजी नाही. त्याच शहरात पत्ता बदलणे सोपे असते. राज्य बदलायचे तर विशेष ठराव, धनकोंची यादी, इंग्रजी व जिल्ह्याच्या प्रमुख भाषेतील वृत्तपत्रांत जाहिरात आणि केंद्र सरकारची मंजुरी असा प्रवास करावा लागतो. म्हणून जेथे टपाल खात्रीने हाती पडेल आणि हिशेबाची दप्तरे प्रत्यक्ष राहतील, तोच पत्ता निवडणे हिताचे.

नावे जुळली पाहिजेत

खासगी मर्यादित कंपनीस किमान दोन भागधारक व दोन संचालक लागतात. त्याच दोन व्यक्ती दोन्ही भूमिका बजावू शकतात. एक तरी संचालक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा हवा. किमान भरणा भांडवलाची एक लाख रुपयांची अट २०१५ मध्ये रद्द झाली. प्रत्येकाचे पॅन, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि डिजिटल स्वाक्षरी ही मूळ कागदपत्रे होत.

सीमाभागात अडचण येते ती येथे. एखाद्या कागदावर आडनाव शेवटी असते, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी जुन्या कागदांवर बेळगाव कायम आहे. निपाणीचे इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिले जाते. अर्जातील नाव पॅनवरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. तफावत असल्यास आधी पॅन किंवा आधार दुरुस्त करून घ्यावे आणि मगच अर्जाला हात घालावा.

कार्यालयाच्या पुराव्यासाठी मालकीचा उतारा किंवा भाडेकरार, जागामालकाचे संमतिपत्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज, दूरध्वनी वा तत्सम बिल लागते. जागा वडिलांच्या किंवा काकांच्या नावे असली तरी त्यांचे लेखी संमतिपत्र हवे. नोंदणीचे अर्ज हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासले जातात. तेथील अधिकाऱ्यास कन्नड वा मराठी वाचता येईल असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे अशा कागदांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडलेले बरे.

नाव आणि अर्ज

कंपनीचे नाव देशभरातील नोंदींशी आणि व्यापारचिन्हांशी ताडून पाहिले जाते. आधीच असलेल्या नावाला ‘बेळगाव’ किंवा ‘निपाणी’ जोडल्याने ते नवे ठरत नाही. स्पेलिंगमधील किरकोळ बदलही उपयोगी पडत नाही. केवळ देवतेच्या नावावर विसंबण्यापेक्षा वेगळा शब्द शोधणे श्रेयस्कर.

फेब्रुवारी २०२० पासून नोंदणी ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जाने होते. पहिल्या भागात नाव राखून ठेवता येते. त्याचे शुल्क १,००० रुपये असून मंजूर नाव २० दिवस टिकते. या मुदतीत दुसरा भाग भरायचा असल्याने इतर कागद आधीच तयार असावेत. दुसऱ्या भागासोबत कंपनीचा उद्देश सांगणारे मेमोरँडम आणि अंतर्गत नियम सांगणारे आर्टिकल्स जोडले जातात. पॅन, टॅन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा आणि बँक खाते यांची सोय याच अर्जात असते. १५ लाख रुपयांपर्यंतच्या अधिकृत भांडवलास नोंदणी शुल्क नाही. मुद्रांक शुल्क मात्र भरावे लागते.

भावांच्या कंपनीत आर्टिकल्सकडे विशेष लक्ष द्यावे. एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास त्याचे भाग कोणी, कोणत्या दराने घ्यायचे, हे तेथे लिहिलेले असले तर पुढचे वाद टळतात. छापील नमुना जसाच्या तसा उचलल्यास हे कलम घरच्या परिस्थितीला लागू पडेलच असे नाही.

प्रमाणपत्रानंतर

नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले, हा समज महागात पडतो. ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक व पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक व्हावी लागते. भागधारकांनी कबूल केलेली रक्कम बँकेत जमा करून १८० दिवसांत व्यवसाय प्रारंभाचे घोषणापत्र द्यावे लागते. ते न दिल्यास कंपनीस ५०,००० रुपये दंड होतो. वार्षिक ताळेबंद व विवरणपत्र उशिरा दाखल केल्यास प्रत्येकी दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. सलग तीन वर्षे ते दाखल न झाल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो.

हा भार पेलणार नसेल, तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी हा पर्याय आहे. तिच्यात जबाबदारी मर्यादितच राहते. शिवाय उलाढाल ४० लाख व भागीदारांचे योगदान २५ लाख रुपयांच्या आत असेल, तर लेखापरीक्षण सक्तीचे नसते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बँका कर्ज देताना बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. त्या हमीवर सही झाली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारीची भिंत उरत नाही. कंपनीच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने तो एक कागदही सहीपूर्वी वाचावा.