गाणाऱ्या माणसाची न गाणारी भूमिका

जबलपूरच्या रांझी भागात १९५७ साली जन्मलेला एक मुलगा गायक होण्याची इच्छा मनात धरून घराबाहेर पडला. शाळेच्या निकालाची धास्तीही त्या जाण्यामागे होती. तो जाऊन पोहोचला एका फिरत्या पारशी नाटक कंपनीत. तेथे दिवसाला अडीच रुपये मिळत. आज या गावी तर उद्या त्या गावी, असा कंपनीचा मुक्काम हलत असे. गाण्याची संधी मिळाली, पण तिच्याबरोबर नाटकही अंगात भिनत गेले. पुढे त्याने दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण घेतले आणि तेथील रंगमंडळात अनेक वर्षे काम केले. हा मुलगा म्हणजे रघुवीर यादव. गायक व्हायला निघालेला हा माणूस देशाला ओळखीचा झाला तो मात्र नट म्हणून, आणि बहुतेक वेळा न गाणाऱ्या भूमिकांतून.

ज्याच्या गळ्यात गाणे आहे त्याला गाण्याशिवायची भूमिका देणे म्हणजे त्याचे गुण वाया घालवणे, असे सहज कोणीही म्हणेल. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मराठी रंगभूमीवर एके काळी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि त्यानंतर सुमारे अर्धशतक नटाची पहिली परीक्षा त्याच्या गळ्याची होत असे. नायक-नायिकेची भूमिका करायची तर गाता आलेच पाहिजे. अभिनयात काही उणे असेल तर प्रेक्षक ते पदाच्या सुरावटीत विसरून जात. बोलपट आला तेव्हा हीच रीत पडद्यावरही चालू राहिली. प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली. ते स्वतः नामवंत हार्मोनियमवादक आणि त्या बोलपटाचे संगीतकारही होते. चित्रीकरण चालू असतानाच गाणे प्रत्यक्ष म्हणावे लागे, कारण दृश्य आणि ध्वनी एकाच वेळी मुद्रित होत. ज्याला गाता येत नाही त्याने नायक होऊ नये, असाच या यंत्राचा जणू हुकूम होता.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ या चित्रपटात गाणी आधी ध्वनिमुद्रित करून ठेवली आणि चित्रीकरणाच्या वेळी नटांनी त्यांवर केवळ ओठ हलवले. यालाच आपण पार्श्वगायन म्हणतो. या युक्तीने गळा आणि चेहरा यांची फारकत झाली. गाता न येणारा देखणा नट आता नायक होऊ शकत होता, आणि देखणा नसलेला उत्तम गायक पडद्यामागे राहून घराघरांत पोहोचू शकत होता. या सोयीची एक उलटी बाजूही होती. गाता येणाऱ्या माणसाला न गाणारा नट म्हणून उभे करणेही आता शक्य झाले.

याचे सर्वांत गमतीदार उदाहरण मध्य प्रदेशातीलच आहे. खांडव्यात जन्मलेल्या किशोरकुमारांना गायक व्हायचे होते, तर वडीलबंधू अशोककुमार यांना वाटे की त्यांनी अभिनय करावा. पुढे दोन्ही गोष्टी घडल्या. परंतु ‘रागिणी’ (१९५८) या चित्रपटात शास्त्रीय वळणाचे एक गाणे आले तेव्हा संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी ते महंमद रफी यांच्याकडून गाऊन घेतले आणि पडद्यावर ओठ हलवले किशोरकुमारांनी. पुढच्याच वर्षी ‘शरारत’ चित्रपटातही असेच घडले. देशातील एक मोठा गायक दुसऱ्या मोठ्या गायकाच्या आवाजावर अभिनय करतो, हे दृश्य आज पाहताना हसू येते. तरीही त्यात अपमान शोधण्याचे कारण नाही. त्या प्रसंगाला जो आवाज हवा होता तो संगीतकाराने निवडला, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गायक गात नाही तेव्हा त्याचे गाणे कोठे जाते?

गाणे शिकणारा माणूस केवळ स्वर शिकत नाही. श्वास कोठे घ्यावा आणि तो कसा पुरवावा, हे त्याला वर्षानुवर्षे गिरवावे लागते. एखादा शब्द लांबवला तर त्याचा भाव कसा बदलतो, तोच शब्द तोडून टाकला तर काय होते, हे त्याच्या कानाला कळू लागते. लय सोडून थोडे मागे रेंगाळावे आणि नेमक्या क्षणी समेवर यावे, हे तर आपल्या संगीताचे मोठे सौंदर्य मानले जाते. यातील प्रत्येक गोष्ट संवादाला लागू पडते. बोलण्यालाही सूर असतो. ‘या, बसा’ हे दोन साधे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत: प्रिय पाहुणा आला असताना, आणि नको असलेला सावकार दारात उभा असताना. शब्द तेच राहतात, पट्टी आणि गती बदलते. सामान्य नट हा फरक अनुभवाने शिकतो. गायकाच्या कानात तो आधीपासून तयार असतो. आणि गायकाला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे विराम. दोन स्वरांमधील शांतता ही रिकामी जागा नसते, हे ज्याला कळले त्याला दोन वाक्यांमधील शांतता सांभाळणे अवघड जात नाही.

रघुवीर यादव यांच्या कामात हे स्पष्ट दिसते. प्रदीप कृष्ण दिग्दर्शित ‘मॅसी साहिब’ (१९८५) या चित्रपटात त्यांनी इंग्रजी अमलातील एका सरकारी कचेरीतील कारकुनाची भूमिका केली. पचमढीच्या परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटातील मॅसी स्वतःला साहेबांपैकीच एक समजतो आणि त्या भ्रमातच आपला नाश ओढवून घेतो. हे पात्र अखंड बडबडते. ती बडबड ऐकताना मात्र कंटाळा येत नाही, कारण तिला चढउतार आहेत. मॅसीची ऐट आणि त्याची भीती एकाच वाक्यात वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येते. या भूमिकेसाठी १९८७ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला. याउलट ‘पंचायत’ (२०२० पासून) या मालिकेतील प्रधानपती ब्रजभूषण दुबे कमी बोलतात. सरपंचपद पत्नीचे, कारभार नवऱ्याचा, अशी त्या गावाची स्थिती आहे. अधिकार निसटताना त्यांचा आवाज चढत नाही, तो थोडा खाली येतो. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी त्याला त्या माणसाची कीवही येते.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण स्वानंद किरकिरे यांचे आहे. इंदूरच्या मराठी घरात ते वाढले. त्यांचे आईवडील दोघेही गायक. किरकिरे गीतकार आणि गायक म्हणून प्रसिद्ध झाले आणि गीतलेखनासाठी त्यांना दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा माणसाला ‘चुंबक’ (२०१८) या मराठी चित्रपटात दिग्दर्शक संदीप मोदी यांनी प्रसन्नची भूमिका दिली. प्रसन्न वयाने प्रौढ, पण मनाने बालक आहे. मुंबईत राबणाऱ्या बाळू नावाच्या मुलाला गावी स्वतःची रसवंती काढायची असते. त्यासाठी पैसे हवेत म्हणून तो मोबाइलवर फसवा संदेश पाठवतो आणि त्या जाळ्यात सापडतो तो नेमका हा भाबडा प्रसन्न. या माणसाला लुबाडायचे की नाही, हा बाळूपुढचा पेच. तो पेच खरा वाटायचा असेल तर प्रसन्न खरा वाटला पाहिजे. अशा भूमिकेत नट बोबडे बोलून, वेडेवाकडे चेहरे करून सहानुभूती मागण्याचा धोका फार असतो. किरकिरे यांनी तो टाळला. अडखळणाऱ्या बोलण्याला त्यांनी एक स्थिर लय दिली आणि ती कोठेही सोडली नाही. सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेने मिळवून दिला.

कोकणात घडणाऱ्या ‘थ्री ऑफ अस’ या चित्रपटातील त्यांची भूमिका तर याहूनही अबोल आहे. स्मृती हरवत चाललेली शैलजा आपले बालपणीचे गाव पाहायला निघते. तिच्यासोबत जाणारा पती दीपांकर ही ती भूमिका. गंमत अशी, की या कथेत कविता लिहिणारे पात्र दुसरेच आहे आणि प्रत्यक्षातील कवी मात्र ते सारे शांतपणे पाहत उभा राहतो.

अर्थात प्रत्येक गायकाला हे साधेल असे नाही. प्रसिद्ध आवाज हे नटावरचे ओझेही ठरते. प्रेक्षक प्रसंग पाहत नाही, तो गाण्याची वाट पाहत राहतो. गायकाच्या भूमिकेसाठी खराच गायक हवा, हा आग्रहही योग्यच आहे. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘द डिसायपल’ (२०२०) मध्ये शास्त्रीय गायनाच्या विद्यार्थ्याच्या भूमिकेसाठी आदित्य मोडक या शिकलेल्या गायकाला निवडले, कारण तानपुऱ्याजवळ बसण्याची ढबही शिकवून येत नाही.

आणि गळा कायमचा मिटूनही बसत नाही. ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) मध्ये रघुवीर यादव कर्जबाजारी शेतकऱ्याच्या थोरल्या भावाच्या, बुधियाच्या, भूमिकेत आहेत. त्यातील महागाईवरचे गाणे त्यांनी गावच्या मंडळींबरोबर ढोलक-झांजांच्या साथीने म्हटले आणि ते देशभर गाजले. ते ऐकताना कोणी गायक गातो आहे असे वाटत नाही. दिवसभर राबून आलेला बुधियाच गातो आहे असे वाटते. बासरी ते आजही वाजवतात, आणि आपल्या बासऱ्या स्वतःच्या हातांनी बनवतात.