सहा तारांमधला ढोल

बेडन पॉवेल हे नाव ऐकलं की माझ्या पिढीला शाळेतलं बालवीर पथक आठवतं. खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ, दोरीच्या गाठी. त्यामुळे एका मित्रानं ‘बाडेन पॉवेलची गिटार ऐक’ म्हणून कॅसेट हातात ठेवली, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती. ब्राझीलमधल्या वार्रे-साय या लहान गावी १९३७ साली जन्मलेल्या या मुलाचे वडील पादत्राणं बनवत आणि बालवीर चळवळीचे मोठे भक्त होते. त्यांनी मुलाला थेट संस्थापकाचंच नाव दिलं!

कॅसेट लावली आणि पहिल्यांदा वाटलं, दोघं-तिघं वाजवताहेत. वाजवणारा एकटाच होता. सांबा संगीतात सुर्दू नावाचा मोठा ढोल ठेका धरतो आणि लहान वाद्यं त्याच्याभोवती खेळतात. बाडेनचा अंगठा जाड तारांवर तो ढोल वाजवतो आणि उरलेली बोटं बारीक तारांवर लहान वाद्यांचं काम करतात. तबल्याच्या जोडीत डग्गा घुमत असताना उजवा हात बोलत राहतो ना, तसंच. फरक इतकाच, की इथे त्याच हाताला चालही वाजवायची असते. रिओमध्ये मेइरा या गुरूंकडे लहानपणी घेतलेली तालीम त्यामागे होती.

१९६२च्या सुमारास त्याची गाठ विनिसियुस जि मोराइस या कवीशी पडली. विनिसियुस त्याच्याहून चोवीस वर्षांनी मोठा आणि पेशानं राजनैतिक अधिकारी. कवीच्या घरी मुक्काम ठोकून दोघांनी गाण्यांमागून गाणी रचली. त्यातलं एक ‘बेरिंबाऊ’. बेरिंबाऊ म्हणजे धनुष्याला एकच तार आणि खाली भोपळा, जणू आपल्या एकतारीचं चुलत भावंड. त्यातून मुख्यतः दोनच स्वर निघतात. बाडेन त्या दोन स्वरांचा झोका गिटारवर असा उभा करतो, की काठीचा आघातही ऐकू यावा.

१९६६ साली आली ‘ओस आफ्रो-सांबास’ ही तबकडी. गाणी अवघी आठ. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी जपलेले देव त्यांत येतात: समुद्राची इमांजा, विजेचा शांगो, झाडपाल्याचा ओसान्या. आज हे नुसतं सुंदर वाटतं. पण तेव्हा बाहिया प्रांतात या देवस्थानांना पोलिसांकडे नोंद करावी लागे. ही अट १९७६ साली सुटली. ज्या उपासनेकडे सरकार संशयानं पाहत होतं, ती गोऱ्या कवीच्या शब्दांतून आणि कृष्णवर्णी वादकाच्या बोटांतून घरोघर पोहोचली.

या तबकडीचं ध्वनिमुद्रण मात्र ओबडधोबड आहे. ‘क्वार्तेतो एम सी’ या चार गायिकांचे कसलेले आवाज आहेत. पण कोरसमध्ये मित्रमंडळींचे कच्चे आवाजही मिसळले आहेत. बाडेनला तिचा दर्जा खटकत होता. म्हणून १९९० साली त्यानं ती गाणी पुन्हा मुद्रित केली. दुसरी आवृत्ती स्वच्छ आहे. मी मात्र पहिलीच लावतो. तिच्यात माणसं घरात जमून गात असल्यासारखी वाटतात. देवाच्या गाण्याला तेच शोभतं.

पुढे तो बरीच वर्षं युरोपात राहिला. अखेरच्या काळात त्यानं ख्रिस्ती धर्मातला एक कडक पंथ स्वीकारला आणि त्या जुन्या देवांना वंदन करणारा ‘सारावा’ हा शब्द उच्चारणं सोडलं. ज्या गाण्यांनी त्याला कीर्ती दिली, त्यांतलाच शब्द! मला याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, ज्यानं तो शब्द सहज उच्चारून टाकला असता, त्याला त्या गाण्यांची शक्ती कळलीच नसती. त्याला ती शेवटपर्यंत खरी वाटत असावी, म्हणूनच तो अडखळला.

२६ सप्टेंबर २००० रोजी रिओमध्ये त्याचं निधन झालं. थोरला मुलगा फिलिप पियानो वाजवतो, धाकटा मार्सेल गिटार. तुम्ही ऐकायला बसाल तेव्हा ‘ओसान्या’च्या गाण्यापासून सुरुवात करा. पहिल्या वेळी फक्त अंगठा ऐका. बाकीचं दुसऱ्या वेळी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)