मनगट मुरगळले की हाड मोडले?

पाय घसरला की माणूस आपसूक तळहात टेकतो. मनगट दुखते, पण सूज बेताचीच असते. ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल चोळले जाते आणि तेथेच घात होतो.

अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन ताठ शिरांमध्ये खळगा दिसेल. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड हे लहानसे हाड असते. डॉक्टर तेथे बोटाने दाबतात. थोडे दुखणे साहजिक असते, म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना करतात. दुखऱ्या बाजूला जास्त कळ आली, तर हाड मोडल्याचा संशय घेतात.

बारीक चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी मनगट प्लास्टरमध्ये ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने मिळते. हाड मोडल्यास मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग ते जुळत नाही आणि पुढे मनगटाचा सांधा झिजतो.

तेव्हा पडल्यावर मनगट चोळू नका. पहिला एक्स-रे चांगला आला, तरी दुसऱ्या तपासणीची तारीख चुकवू नका.