लाट अडवू नका, जिरवा

सिद्धेश्वरच्या धरणावर वारा सुटला की लाटांचे दोन स्वभाव दिसतात. दरवाजांच्या उभ्या भिंतीवर आदळलेली लाट तशीच माघारी फिरते, समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि तिथलं पाणी डचमळत राहतं. मातीच्या बांधाकडे गेलेल्या लाटेला मात्र आधी उतार लागतो, मग उतारावर रचलेले पिचिंगचे दगड, मग दगडांमधल्या फटी. चढता चढता ती मोडते आणि परतण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं पूर्णा नदीवरचं हे धरण 1968 साली पूर्ण झालं. बांधणाऱ्यांच्या मनात रडार असण्याचं काही कारण नव्हतं. पण रडार, मोबाइल, वाय-फाय यांच्या सूक्ष्मलहरी गिळणारा पदार्थ घडवणाऱ्यापुढचे दोन्ही प्रश्न या बांधावर उघड दिसतात. लाट मागे न फिरता आत कशी येईल? आणि आत आल्यावर तिची शक्ती कशात खर्ची पडेल?

दुसऱ्या प्रश्नावर मराठवाड्यात जुनं आणि चिवट काम झालं आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री’ म्हणजे टीडीआर या पद्धतीने द्रवांचं मोजमाप सुरू केलं. ए. सी. कुंभारखाने, एस. एम. पुराणिक आणि मेहरोत्रा यांचे अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणांवरचे निबंध 1991च्या सुमारास इंग्लंडच्या रसायनशास्त्रीय नियतकालिकांत येऊ लागले. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही ही पद्धत रुजली. हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाला जोडलेली आहेत.

पद्धत सांगायला सोपी, करायला किचकट. केबलच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी धातूची कुपी असते. केबलमधून विजेचा एक झटका पाठवायचा, इतका तीव्र की शून्यावरून पूर्ण उंचीवर जायला त्याला काही डझन पिकोसेकंदच लागतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. कुपी रिकामी असताना परत आलेला झटका नोंदवायचा, मग द्रव भरून तोच उद्योग पुन्हा. दोन नोंदींतल्या फरकावर फूरियेचं गणित चालवलं की तो द्रव कोणत्या वारंवारतेची लहर किती अडवतो आणि किती पचवतो, हे कळतं.

पाण्याचंच घ्या. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोकं असतात, त्यामुळे लहरीचं विद्युतक्षेत्र उलटसुलट झालं की रेणूही तिच्यामागे वळू पाहतो. 25 अंश सेल्सिअसला त्याला वळायला सुमारे 8 पिकोसेकंद लागतात. लहर सावकाश असेल तर रेणू तिच्याबरोबर सहज फिरतो आणि फारच वेगवान असेल तर जागचा हलतच नाही. मधल्या पट्ट्यात, 19 गिगाहर्ट्झच्या आसपास, तो धावतो पण सतत मागे पडतो. या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. आपला ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे या शिखराच्या बऱ्याच अलीकडे. ते बरंच म्हणायचं, नाहीतर बटाट्याची साल करपली असती आणि गाभा कच्चाच राहिला असता.

म्हणजे लहर जिरवण्याची सोय निसर्गात भरपूर आहे. मग शोषक पदार्थ म्हणून पाण्याचं पिंप ठेवून का भागत नाही? कारण पहिला प्रश्न तसाच राहतो. मोकळ्या हवेचा लहरीला होणारा विद्युत-विरोध सुमारे 377 ओहम असतो. पाण्याचा त्याहून पुष्कळ कमी, धातूचा जवळजवळ शून्य. या आकड्यात एकदम फरक पडला की लहर उंबऱ्यावरूनच परतते. पोटात कितीही भूक असली तरी तोंडच मिटलेलं.

तोंड उघडायची युक्ती पतंगाच्या डोळ्यात सापडली. दिव्यावर झेपावणाऱ्या कित्येक पतंगांचे डोळे चमकत नाहीत. स्वीडनमधले बर्नहार्ड आणि त्यांचे अमेरिकी सहकारी मिलर यांनी 1962च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं कारण पाहिलं. डोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे 200 नॅनोमीटर अंतराने उंचवट्यांची दाटी होती. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. इतके बारीक उंचवटे प्रकाशाला एकेकटे दिसतच नाहीत. त्याला जाणवतं ते इतकंच की हवा हळूहळू दाट होत डोळा झाली. पायरीच नाही, तर परतायचं कुठून? 1973 साली इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या क्लॅपहॅम आणि हटली यांनी अशीच पृष्ठरचना कृत्रिमरीत्या घडवून काचेची चमक घालवली. पतंगाची हुशारी डोळ्यावरच थांबत नाही. त्याच्या पंखांवरचे खवले वटवाघळाचा ध्वनी शोषतात, असं ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं. दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही, असा दुहेरी बंदोबस्त.

सूक्ष्मलहरींसाठी डोळ्यावरचे हेच उंचवटे मोठे करावे लागतात. 10 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 सेंटिमीटर, 1 गिगाहर्ट्झची 30. म्हणून ज्याला ‘अ‍ॅनेकॉइक चेंबर’ म्हणतात, त्या प्रतिध्वनीरहित खोलीच्या भिंतींवर वीतभर ते पुरुषभर उंचीचे टोकदार सुळके दाटीने लावलेले असतात. सुळके फोमचे, आणि फोममध्ये कार्बनची पूड मुरवलेली. टोकाशी जवळजवळ सगळी हवाच असते, बुडाशी सगळा कार्बन मुरलेला फोम. चांगले सुळके समोरून आलेल्या लहरीचा दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी परत पाठवतात. इंजिनिअर त्याला उणे 40 डेसिबल म्हणतात.

खरं सांगायचं तर अभियंते या आकारापर्यंत पतंगाला विचारून पोचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुड्यांसाठी रडारशोषक थर शोधले, त्या प्रकल्पाचं गुप्त नाव होतं ‘धुरांडी साफ करणारा’. अमेरिकेत सॅलिसबरी यांनी 377 ओहमचा पातळ पडदा धातूपुढे पाव तरंगलांबीवर टांगला. कल्पना देखणी, पण ती एकाच वारंवारतेपुरती. युद्धानंतर जनावरांच्या केसांच्या गाद्या कार्बनमध्ये बुडवून खोल्यांना लावल्या गेल्या. सुळके त्यानंतर आले. ‘निसर्गप्रेरित’ हे बिरुद अनेकदा मागाहून चिकटवलेलं असतं. पण आज उलट दिशेने जो शोध चालू आहे तो खरा आहे: फुलपाखराच्या पंखातली जाळी, लाकडाच्या नळ्या, पोकळ बिया. एकच रचना लाट आतही घेते आणि जिरवतेही, असं काही तिथे मिळतं का, हे आता मुद्दाम पाहिलं जातं.

महाराष्ट्रात हे सुळके पाहायचे तर पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत अख्खी मोटार आत घालून तपासतात. तिच्या इलेक्ट्रॉनिक्सने दुसऱ्याला त्रास देऊ नये आणि दुसऱ्याचा स्वतःला लावून घेऊ नये, एवढ्यासाठी. पवईच्या आयआयटी आवारातली ‘समीर’ ही संस्था 1984 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मलहरी विभागातून स्वतंत्र झाली. उपकरणांच्या अशा चाचण्या तिथेही होतात. अंबरनाथची नौदल पदार्थ प्रयोगशाळा जहाजांच्या लेपांवर काम करते. तिच्या दारात कुणी कॅमेरा घेऊन उभं राहू देत नाही, तेव्हा तिच्याबद्दल इतकंच.

सिद्धेश्वरच्या शेजारीच, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने 2023 साली तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. गुरुत्वलहरी टिपण्यासाठी तिथे 4 किलोमीटरच्या दोन निर्वात भुजांमधून लेसर धावेल. त्याची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, म्हणजे 10 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरीपेक्षा सुमारे 28 हजार पट लहान. तरीही दुखणं तेच. आरशावरून भरकटलेला किरण नळीच्या भिंतीवर आपटून मूळ झोतात परतला, तर भिंतीची थरथर तो सोबत आणतो आणि मोजमाप नासतं. म्हणून अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्यांत जागोजागी शंकूसारखे पोलादी आडोसे बसवलेले आहेत, आणि त्यांच्या कडा करवतीसारख्या, मुद्दाम वेड्यावाकड्या दात्यांच्या कापल्या आहेत. दाते एकसारखे असते तर त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश एका सुरात जमून आला असता. पिचिंगचे दगड कुणी एका मापाचे लावत नाही, ते या दृष्टीनेही बरंच आहे.

परत सुळक्यांकडे येऊ. त्यांचा फोम आणि कार्बन दोन्ही कारखान्यातून येतात. मलेशियातल्या पर्लिस विद्यापीठातल्या संशोधकांनी भाताच्या तुसाचे आणि उसाच्या चिपाडाचे सुळके करून पाहिले, आणि ते काम करतात असं दाखवलं. हे वाचून वसमतचा पूर्णा साखर कारखाना डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. पण संशोधनपत्रिकांत चिपाडाला ‘टाकाऊ’ म्हणतात ते कारखान्यात कुणाला पटणार नाही. उसाच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के निघणारा हा भुसा तिथे बॉयलरचं जळण आहे, त्यावर वीज तयार होते. त्यापेक्षा शेताच्या बांधावर पेटवून दिल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्या मला जास्त आशेच्या वाटतात. हवेशिवाय तापवल्या तर त्यांचा सच्छिद्र कोळसा होतो. कोळशातून वीज थोडीफार वाहते, आणि छिद्रांमध्ये हवा असल्यामुळे तो लहरीला दारातच ठोकर देत नाही.

अडचण पुन्हा पाण्याचीच आहे. सच्छिद्र कोळसा हवेतला ओलावा ओढतो आणि पाण्याचा थोडासा अंश लहर किती आत येते आणि किती जिरते हे दोन्ही आकडे बदलून टाकतो. वैशाखात नीट काम करणारा ठोकळा श्रावणात वेगळाच पदार्थ झालेला असेल. हे तपासायला मोठी खोली लागत नाही. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत 8 ते 12 गिगाहर्ट्झचा एक्स-बँड बेंच असतो. पोकळ धातूच्या नळीत पूड भरायची, टोक बंद करायचं आणि फटीतून सरकणाऱ्या शोधकाने स्थिर लहरीचे चढ-उतार मोजायचे. पऱ्हाटीच्या कोळशाची तीच पूड उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजली, तर हिंगोलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रकल्प त्यातच होऊन जाईल.