जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट : भंगारात देण्याआधी

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या तलावांच्या राज्यांत उन्हाळा लागला की लोक घरातल्या जुन्या वस्तू अंगणात विकायला मांडतात. त्यांत गवतावर उपडी घातलेली एखादी १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची होडी असतेच. रंग उडालेला असतो, मागची लाकडी फळी कुजलेली असते, तळाला गळती असते. मालक स्वतःच सांगतो की आता हिच्यात काही राम नाही. आपल्यापैकी जे त्या भागात राहतात त्यांच्या दारातही अशी बोट कधी तरी येईल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माझं मत स्पष्ट आहे. यातल्या बहुतेक बोटी वयामुळे वाया गेलेल्या नाहीत. त्यांचं खरं नुकसान चुकीच्या समजुतींवर विसंबून केलेल्या दुरुस्त्यांनी केलं आहे.

“या बोटी युद्धातल्या विमानांच्या भंगारातून बनल्या”

या समजुतीचं मूळ खरं आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात हेलकॅट लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीचे उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात सहलीला गेले होते. तिथे कॅनव्हास मढवलेली जड लाकडी कनू खांद्यावरून वाहून नेताना त्यांच्या मनात आलं की हीच होडी विमानाच्या पद्धतीनं, पत्र्याची का बनवू नये? युद्ध संपता संपता ग्रमनच्या अ‍ॅल्युमिनियम कनू तयार होऊ लागल्या आणि १९५२ मध्ये हे काम न्यूयॉर्क राज्यातल्या मॅरेथॉन गावी हललं. मिनेसोटात अ‍ॅल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर १९४६ पासूनच्या. त्याच राज्यात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात हॉवर्ड लुंड यांनी १९४८ मध्ये आपली पहिली अ‍ॅल्युमिनियम बोट बांधली. विस्कॉन्सिनची मिरो कंपनी तर स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होती, तीही पुढे बोटींत उतरली.

विमानांकडून या धंद्याला मिळालं ते कसब. पत्रा ताणून साच्यावर बसवणं, उष्णता देऊन तो कडक करणं, ओळीनं रिव्हेट मारणं हे सगळं तिथून आलं. पत्रा मात्र वेगळा होता. विमानाच्या नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबं असतं. त्यामुळे तो मजबूत होतो, पण उघडा ठेवला तर पाण्यात टिकत नाही. बोटींसाठी मॅग्नेशियम असलेला ५०५२ किंवा मॅग्नेशियम-सिलिकॉनचा ६०६१ वापरतात. दुरुस्तीच्या वेळी हा फरक कामाला येतो. विमानाचा म्हणून कुणी स्वस्तात दिलेला पत्रा बोटीच्या तळाला ठिगळ म्हणून लावू नका.

“नंबर आहे ना, मग कंपनी कळेल”

बोटीच्या नाकाशी दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत जो नंबर असतो, तो राज्याचा नोंदणी क्रमांक. सुरुवातीची दोन अक्षरं राज्याची. त्यावरून बनवणारा कळत नाही आणि सालही कळत नाही.

बनवणाऱ्याचा क्रमांक मागच्या फळीवर, उजव्या बाजूला, बारा अक्षरांचा कोरलेला असतो. पण तो अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासूनच सक्तीचा झाला. पहिली तीन अक्षरं कंपनीची. १९८४ पूर्वीच्या क्रमांकात नववं अक्षर ‘एम’ असेल, तर त्यापुढचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात आणि शेवटचं अक्षर महिना. त्यात ‘ए’ म्हणजे ऑगस्ट, कारण मॉडेलचं वर्ष तिथून सुरू होतं. ‘ए’ पाहून जानेवारी धरणारे इथेच चुकतात. शिवाय बंद पडलेल्या कंपनीची तीन अक्षरं पुढे दुसऱ्या कंपनीला दिली जातात, म्हणून ती साल लक्षात घेऊनच वाचावीत.

१९७२ च्या आधीच्या बोटीला हा क्रमांक नसतो, म्हणून ती चोरीची किंवा घरी बनवलेली ठरत नाही. अशा वेळी बोटीचं अंगच वाचावं लागतं. नाकावरचं ओतीव हँडल, मागच्या कोपऱ्यांवरच्या ओतीव पट्ट्या, आतल्या फासळ्यांमधलं अंतर, बाकांची घडण, कडेच्या पत्र्याचा वळसा हे सगळं जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडून पाहा. बाकाखाली आणि मागच्या फळीच्या आतल्या बाजूला एखादी छोटी पट्टी रंगाखाली दडलेली असते. तिथे पॉलिशपेपर मारू नका. रंग मऊ करणारं द्रावण लावून कापडानं हळूच पुसा.

“गळते म्हणजे संपली” आणि “वेल्डिंग करून टाका”

या दोन समजुती जोडीनं येतात आणि सर्वाधिक बोटी यांच्यामुळेच जातात.

पत्रा फाटल्यामुळे होणारी गळती कमी. बहुतेक वेळा वर्षानुवर्षं लाटांचे दणके खाऊन रिव्हेट सैल झालेले असतात आणि सांध्यातलं जुनं सीलंट वाळलेलं असतं. गळती शोधायला बोट पाण्यात नेऊ नका, पाणी बोटीत आणा. ट्रेलरवर ठेवून आत थोडं पाणी ओता आणि बाहेरून, खालून निरखून पाहा. ज्या रिव्हेटच्या डोक्याभोवती ओलसर कडं उमटून थेंब लोंबकळतो, त्याच्याभोवती मेणखडूनं गोल करा. पाणी मात्र बेतानं. १४ फुटी बोटीत १० सेंटीमीटर पाणी म्हणजे चार-पाचशे किलो वजन. ट्रेलरच्या दोन फळ्यांवर ते सगळं आलं तर तळ वाकतो. म्हणून एकदा पुढचं टोक उचलून मागचा भाग तपासावा, मग उलट करावं.

सैल रिव्हेट पुन्हा बसवायला दोन माणसं लागतात. एकानं आतून रिव्हेटच्या शेपटीवर जड पोलादी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून डोक्यावर हलके, सरळ घाव घालायचे. बहुतेक रिव्हेट एवढ्यानं घट्ट होतात. भोकच मोठं झालं असेल तर जुना रिव्हेट काढून एक माप मोठा, भरीव रिव्हेट सीलंट लावून बसवा. बाजारात सहज मिळणारा पॉप रिव्हेट पोकळ असतो. त्याच्या मधल्या नळीतून पाणी आत येतं आणि आतली पोलादी काडी गंजते. पाण्याखालच्या जागी तो चालत नाही. अगदीच एका बाजूनं काम करावं लागलं, तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट वापरा. शेवटी आतून सगळ्या सांध्यांवर पातळ इपॉक्सी सीलंटचा हात फिरवला की ही बोट पुन्हा बरीच वर्षं काम देते.

वेल्डिंगकडे धाव घेण्याआधी थोडा धातू समजून घ्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांहून जास्त लागतात. म्हणजे वरची साय तशीच राहते आणि खालचा पत्रा वाहून जातो. या बोटींचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा, आणि सांध्यांत तेल, रंग, सीलंट मुरलेलं. चांगला आर्गॉन वेल्डर नव्या पत्र्यावर सुंदर काम करेल, इथे तोही अडचणीत येतो. उष्णतेनं पत्रा वाकतो, शेजारचे चार रिव्हेट सैल होतात, कडक केलेला ६०६१ त्या पट्ट्यात आपली बरीचशी ताकद गमावतो, आणि बाकाखाली फोम असेल तर तो पेट घेऊ शकतो. तड गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग सीलंट लावून त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ रिव्हेटनं बसवा. कारखान्यानं ज्या पद्धतीनं बांधली, त्याच पद्धतीनं दुरुस्त करा.

“अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही” आणि “खाऱ्या पाण्यात सडतं”

दोन्ही अर्धवट. १८९५ मध्ये अमेरिकाज् कप जिंकणारी ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका वरून अ‍ॅल्युमिनियमची आणि पाण्याखाली कांस्याची होती. समुद्रात हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि अ‍ॅल्युमिनियम झपाट्यानं खाल्लं गेलं. काही वर्षांतच ती मोडीत निघाली. अ‍ॅल्युमिनियम खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं, पण ओलाव्यात दुसऱ्या धातूची, विशेषतः तांब्याची संगत त्याला सोसत नाही.

तलावातल्या बोटीत हे तांबं शिरतं ते लाकडातून. मागची फळी कुजली की मालक दुकानातून कीड न लागणारं प्रक्रिया केलेलं प्लायवुड आणतो आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात बसवतो. त्या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असतात. काही हंगामांत लाकूड ठणठणीत राहतं आणि त्याला टेकलेल्या पत्र्याला पांढऱ्या भुकटीनं भरलेले खड्डे पडतात. चिंच-मीठ घातलेलं कालवण रात्रभर राहिलेल्या जर्मनच्या पातेल्याला पडतात, तसेच. साधं मरिन प्लायवुड घ्या, जुन्या फळीच्या मापानं कापा, कडांना आणि बोल्टच्या भोकांना आतूनही इपॉक्सीचे तीन हात द्या. तळाला तांबेयुक्त रंग लावू नका. फळ्यांखाली पडलेली नाणी आणि शिशाची वजनं वेचून काढा. ओल्या कचऱ्यात एका नाण्याखाली भोक पडू शकतं.

रंगाबद्दल एवढंच, की १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून उडवू नका. पाणी लावून, मास्क घालून काढा आणि पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी एचिंग प्रायमर मारा. लोखंडी ब्रश किंवा स्टीलवूल वापरू नका, त्यांचे कण पत्र्यात रुततात.

“पत्र्याची बोट बुडत नाही”

हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असतं. पाणी भरलं की बोटीला तरंगत ठेवतो तो बाकाखालचा फोम. १९७८ नंतरच्या छोट्या मोटारबोटींना अमेरिकेत याचे कडक नियम लागू झाले. त्याआधीच्या बोटीत फोम कमी असेल किंवा पाणी पिऊन जड झालेला असेल. सामानासाठी जागा हवी म्हणून तो काढून टाकणारे लोक मोठी चूक करतात. भिजलेला फोम बदला, आणि नवा घेताना साधा पांढरा थर्माकोल नको, तो पेट्रोलनं विरघळतो. जुन्या बोटीवर अश्वशक्तीची पाटी नसेल, तर छोटीच मोटार लावा. तळं शांत असेल तेव्हा ९.९ अश्वशक्ती पुरेशी होते.

आवाजानं मासे पळतात ही तक्रार खरी आहे, पण तिचा उपाय तळाला रबरी मॅट घालणं आणि डबा न आपटणं एवढाच.

बोट सज्ज झाली की नोंदणी आपल्या नावावर करा आणि मासेमारीचा परवाना काढा. तलावातून बोट बाहेर काढल्यावर मागचं बूच काढून सगळं पाणी सांडा. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून बूच काढूनच बोट रस्त्यानं न्यावी, असा मिनेसोटाचा कायदा आहे. पुढच्या वेळी पाण्यात उतरवण्याआधी मात्र ते आठवणीनं लावा.