भागीदारी संस्थांची नोंदवही

कंपनीची नोंदणी केंद्र सरकारच्या कार्यालयात होते. भागीदारी पेढीची नोंद मात्र राज्य शासनाने नेमलेल्या निबंधकाच्या, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याच्या, नोंदवहीत होते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार पेढी अस्तित्वात येते ती भागीदारांमधील करारामुळे, त्यामुळे नोंदणी नसलेली पेढीही बेकायदा ठरत नाही. असे असताना व्यापाऱ्याने निबंधकाकडे का जावे, याचे उत्तर कलम ६९ मध्ये आहे: नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही, आणि भागीदारालाही पेढीवर किंवा सहभागीदारावर असा दावा करता येत नाही, उलट त्रयस्थाला मात्र त्या पेढीवर दावा करण्याची पूर्ण मुभा राहते. अधिनियम १ ऑक्टोबर १९३२ रोजी अमलात आला, पण हे कडक कलम वर्षभराने लागू झाले, म्हणजे जुन्या पेढ्यांना नोंदणीसाठी अवधी मिळाला.

अर्जासोबतच्या निवेदनात पेढीचे नाव, मुख्य ठिकाण व शाखा, प्रत्येक भागीदाराचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता व सामील झाल्याची तारीख आणि पेढीची मुदत लिहावी लागते, आणि त्यावर सर्व भागीदारांच्या किंवा त्यांनी खास अधिकार दिलेल्या मुखत्यारांच्या सह्या लागतात. या सह्यांना मोठे वजन आहे, कारण नोंदवहीतील मजकूर सही करणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा मानला जातो. पेढीशी उधारीचा व्यवहार करणाऱ्या अनोळखी माणसाला फी भरून ही नोंदवही पाहता येते, हाच या व्यवस्थेचा खरा लोकोपयोग आहे.

महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ चे बंधन आणखी आवळले आणि नोंदणी नसल्यास पेढीच्या विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावाही भागीदारांना नाकारला. भांडवल अडकलेल्या भागीदाराला त्यामुळे न्यायालयाचा मार्गच उरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि ते योग्यच झाले.

पहिली नोंद बहुधा काळजीपूर्वक होते, परंतु पुढचे बदल कळवणे तितकेच महत्त्वाचे असते. पेढीतून निवृत्त झालेला भागीदार जाहीर सूचना दिली जाईपर्यंत, त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या त्रयस्थांना पेढीच्या नंतरच्या व्यवहारांसाठीही जबाबदार राहतो. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत ही सूचना निबंधकाला द्यावी लागते, तसेच शासकीय राजपत्रात आणि पेढीचे मुख्य ठिकाण असलेल्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात छापावी लागते. मराठी दैनिकांच्या जाहीर नोटिशींच्या रकान्यात भागीदार निवृत्त झाल्याचा मजकूर दिसतो, त्यामागे हीच तरतूद असते. मृत्यू पावलेल्या भागीदाराच्या बाबतीत मात्र अशी सूचना आवश्यक नसते, कारण पेढीच्या नंतरच्या व्यवहारांची जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर येत नाही.