हाडाकडून शिकलेली खुर्ची

सुताराच्या कारखान्यात खुर्ची घडते ती आधी सुताराच्या मनात. लाकडाचा पोत, पटाशीची धार आणि हाताला जडलेली सवय यांतून तिचा आकार ठरत जातो. अलीकडच्या काळात मात्र काही फर्निचर व कलाकृती प्रथम संगणकात आकार घेऊ लागल्या आहेत. तेथील आराखडा थेट यंत्राकडे जातो आणि यंत्र त्याबरहुकूम साहित्य कापते, कोरते किंवा थरावर थर चढवून वस्तू उभी करते. या पद्धतीस डिजिटल फॅब्रिकेशन म्हणतात.

नेदरलँड्सचे डिझायनर योरिस लारमान यांची २००६ सालची ‘बोन चेअर’ हे तिचे बोलके उदाहरण होय. हाडावर जेथे भार पडतो तेथे ते बळकट होते. जेथे भार नसतो तेथे झिजते. याच नियमावर आधारलेली संगणकप्रणाली मोटारींचे भाग हलके व मजबूत करण्यासाठी जर्मनीत वापरली जात होती. लारमान यांनी ती खुर्चीला लावली. अनावश्यक भाग वगळला जात शेवटी फांद्यांसारखी पसरलेली ॲल्युमिनियमची आकृती उरली. त्रिमितीय मुद्रणाने सिरॅमिकचा साचा तयार करून त्यात धातू ओतण्यात आला. अवघ्या १२ नगांच्या या आवृत्तीतील खुर्ची न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील हिशेब विचार करण्याजोगा आहे. प्लास्टिकच्या खुर्चीचा पोलादी साचा फार महाग असतो. तो खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच माल स्वस्त पडतो. म्हणून एकसारखा माल, मोठे गोदाम आणि अडकलेले भांडवल हे ओघानेच येते. यंत्र थेट आराखड्यावरून काम करते तेव्हा प्रत्येक नग वेगळा करता येतो आणि मागणी आल्यावरच घडवता येतो. मात्र नग वाढले म्हणून दर फारसा उतरत नाही. त्यामुळे थोडक्या, विशेष वस्तूंना ही पद्धत लाभते. रोजच्या बाकड्याला जुनी रीतच परवडते.

मग मोल कशाचे, वस्तूचे की आराखड्याचे? लारमान यांनी २०१४ मध्ये लहान तुकडे जुळवून उभ्या राहणाऱ्या ‘मेकर चेअर’ मालिकेतील आराखडे लोकांना खुले केले. आराखडा क्षणात जगभर पोहोचतो. त्याची नक्कलही तितकीच सोपी असते. माल राखण्यापेक्षा आराखडा राखणे कठीण, हे या व्यवसायातले नवे दुखणे आहे.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. लारमान यांच्याच कल्पनेतून ॲम्स्टरडॅममध्ये सुमारे १२ मीटर लांबीचा पोलादी पादचारी पूल साकारला. वितळलेल्या तारेचे थर चढवत यंत्रमानवांनी तो घडवला. कालव्यावर जागीच मुद्रण करण्याचा मूळ बेत सोडून तो कारखान्यात तयार करावा लागला. पुलावर प्रत्यक्ष भार देऊन कसोटी घेण्यात आली. त्यात संवेदक बसवण्यात आले आणि जुलै २०२१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

नामांकित कारागिराच्या मालाला त्याचा लौकिकच हमी देतो. यंत्राच्या मालाला असा लौकिक अजून मिळवायचा आहे; तोवर प्रत्येक नव्या आकाराची पारख करावीच लागेल. धातूची जाण, सांध्याची समज आणि हात फिरवून दोष ओळखणारी नजर यांची गरज म्हणूनच संपलेली नाही. ज्या कारखान्यात अनुभवी कारीगर आणि संगणक जाणणारी पुढची पिढी एकत्र बसते, त्यास या विद्येचा खरा लाभ होईल.